दर पाचव्या कळीनंतर

सव्वीस हंगाम दैवशालाने कपाशीच्या कळ्या सोलल्या, आणि सव्वीस हंगामांत "माझे हात कुठं गेले" असं कुणाला विचारायची पाळी तिच्यावर आली नव्हती. ती पाळी आली जालन्याच्या एमआयडीसीत, एका बियाणं कंपनीच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जून महिन्यात, सकाळी अकरा वाजता, भर उजेडात. अर्पिता मॅडमने तिच्या डोळ्यांवर तो काळा डबा चढवला, मागचा पट्टा अंबाड्यावरून ओढून घट्ट केला. शेड गेलं, मॅडम गेली, बसायची खुर्ची गेली आणि दैवशालाचे दोन्ही हातही गेले.

मग हात आले, पण कुणाचे आले ते देव जाणे. राखाडी, गुळगुळीत, मनगटापाशी एकदम संपलेले. डाव्या हातावर लग्नाआधी गोंदलेली तुळस त्यावर नव्हती. बांगड्या वाजत होत्या आणि दिसत नव्हत्या. तिने बोटं हलवली की ती राखाडी बोटं हलत, तिने मूठ मिटली की तीही मिटत. "मॅडम, हे हात माझे न्हाईत," ती म्हणाली. मॅडमने समजावलं की तुमचेच आहेत मावशी, डब्याला बाहेरून चार डोळे आहेत, ते तुमच्या बोटांचा सांधा न् सांधा बघतात आणि आत तशीच बोटं काढतात. दैवशालाला यातलं 'बघतात' एवढंच कळलं. आपल्याकडे कुणी चार डोळ्यांनी बघतंय म्हटल्यावर तिने पदर सावरला, तर उजवा हात पार नाहीसाच झाला. तो पदराखाली गेला होता ना. आता ह्या बाईने घाबरायचं का हसायचं, तुम्हीच सांगा.

पण हे सगळं कशासाठी चाललं होतं ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हीही तिच्यासारखे बुचकळ्यात पडाल.

घनसावंगीकडच्या गावांत कंपन्या शेतकऱ्यांकडून कपाशीचं संकरित बियाणं करून घेतात. त्या कामाला सगळे क्रॉसिंग म्हणतात. मादी ओळीतली जी कळी उद्या सकाळी उमलणार, ती आज दुपारीच हेरायची. अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि आतलं परागाचं कडं एका फिरकीत काढायचं, मधली नाजूक काडी तेवढी शाबूत ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून त्या काडीवर फिरवायचं. ऐकायला सोपं आहे. नख केसभर जास्त आत गेलं की कळी गळाली, केसभर कमी गेलं की पराग आत राहिला आणि बियाणं बाद. बायका दिवसाला हजारावर कळ्या सोलतात, आणि त्या बायकांत दैवशालाचं नाव होतं. तिच्या नखाखालून गेलेली कळी गळत नाही, असं लोक बोलायचे. तिलाही ते ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे ती फारसं लपवतही नव्हती.

हात होते तसेच होते, गुडघे मात्र गेले. घनसावंगीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की बाई, दिवस दिवस ओळीत उभं राहणं आता विसरा. त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला. क्रॉसिंग सोडून तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. ऑगस्टात गावातल्या सगळ्या बाया डोक्याला रुमाल बांधून जीपमध्ये बसून जाणार आणि आपण ओसरीवर बसून त्यांच्या गाडीची धूळ बघणार, हे तिच्याच्याने कल्पनेतही सोसवत नव्हतं. अशात कंपनीचा निरोप आला की नव्या पोरींना हंगामाआधी शिकवायला एक मास्तरीण नेमायची आहे. काम खुर्चीत बसून. जागा एकच.

जूनमध्ये कपाशीला कळी कुठून येणार? म्हणून हा डबा. डब्यात झाड दिसतं, झाडाला कळ्या दिसतात आणि आपल्या हातांनी त्या सोलायच्या. शेजारी आणखी दोन हात दिसतात, ते करून दाखवतात. त्यांच्या मागोमाग वीस कळ्या सोलायच्या, मग यंत्र मार्क देतं. परीक्षेला तिघी होत्या. तीन दिवस, रोज एक संधी, आणि जिचे कुठल्याही एका दिवसाचे मार्क सगळ्यात जास्त ती मास्तरीण. दैवशालाबरोबर एक होती कांताबाई, तिच्याच वयाची, गप्पांची शौकीन. दुसरी वंदना, चोवीस वर्षांची, तीन हंगामांची क्रॉसिंगवाली, मोबाइलवर बोटं फिरवण्यात पटाईत. कानामागून आली आणि तिखट झाली, असं दैवशाला तिच्याबद्दल मनात म्हणायची, आणि कधी कधी मनाबाहेरही.

पहिला दिवस असा गेला की विचारू नका. दैवशाला काम सुरू करण्याआधी दरवर्षी पहिल्या झाडाला हात जोडायची. सवयीने तिने इथेही जोडले. दोन हात एकमेकांना चिकटताच डब्याच्या चारी डोळ्यांचा घोळ झाला. डावा कुठला आणि उजवा कुठला ते यंत्राला कळेना, दोन्ही हात थरथरायला लागले आणि एकदा तर दोन्ही उजवेच झाले. मग कळीला हात लावला तर बोटांना काहीच लागेना. नुसती हवा. आयुष्यभर तिचं नख कळीच्या अंगाला विचारून पुढं गेलं होतं, कुठं थांबायचं ते कळीच सांगायची. इथं सांगणारं कुणी नव्हतं. वीस कळ्यांतल्या बारा तिने मोडल्या. एक्केचाळीस मार्क. वंदनाला अठ्ठ्याहत्तर. जीपमध्ये परत जाताना दैवशाला आपले हात मांडीवर उलटेसुलटे करून बघत होती, आणि कांताबाई तिला चिवड्याची पुडी पुढं करत होती ते तिला दिसलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती ठरवूनच आली. तिने हवेशी जमवून घेतलं. आदल्या संध्याकाळी घरी बसून तिने डोळे मिटून शंभर-दोनशे वेळा अंगठा फिरवला होता, तिचा नवरा साहेबराव बघून बघून हैराण झाला होता. आज वीसच्या वीस कळ्या स्वच्छ सुटल्या. काडी शाबूत, पराग साफ. डबा काढताना तिच्या तोंडावर हसू होतं. मार्क मात्र चौसष्ट.

असं कसं? तिचा विश्वास बसेना. अर्पिता मॅडमने पडद्यावर दाखवलं. कळ्या सगळ्या बरोबर होत्या, पण दर पाच कळ्या झाल्या की एक पायरी होती, ती दैवशालाने चारही वेळा गाळली होती. आणि एकदा पायरी गाळली की पुढच्या कळीचाही हिशोब चुकत होता. पायरी अशी की करून दाखवणारे ते राखाडी हात पाचवी कळी झाली की थांबत. डावा हात खाली कमरेशी जाई, काहीतरी धरल्यासारखी बोटं मिटत, मग तो हात मागे दोनदा सावकाश ओढ घेई आणि सुटून परत कळीवर येई.

"ही कसली पायरी?" दैवशालाने विचारलं.

ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि न माहीत असताना सगळ्या ती करत होत्या. वंदनाचं म्हणणं, बोटांना चिकटलेला पराग झटकायचा असतो तो. कांताबाई म्हणाली, बाई झोपेत तर काम करत नाही ना, हे बघायची ती कंपनीची युक्ती असेल. मागच्या महिन्यात अंबडकडच्या पोरी शिकून गेल्या, त्यांच्यात एकीने म्हणे असं पसरवलं की कमरेला हात लावला की पाठ दुखत नाही. तीस पोरी घरी जाऊन कमरेला हात लावून हवा ओढायचा सराव करत होत्या. दैवशालाचं डोकं चक्रावलं. हसू येत होतं आणि रागही येत होता. सव्वीस वर्षांत तिने हजारो बाया बघितल्या, असलं कुणी करताना बघितलं नव्हतं. जे काम नाही ते माझा हात करणार नाही, असं तिने मॅडमला तोंडावर सांगितलं.

अर्पिता परतूरची पोरगी. संभाजीनगरला इंजिनिअरिंग शिकून आलेली, स्वभावाने गरीब आणि कामाला वाघ, पण कपाशीची कळी तिने आयुष्यात सोलली नव्हती. तिने खरं ते सांगितलं. दोन वर्षांपूर्वी चांगल्या चाळीस बायांना शेतातच हा डबा घालायला लावून, आरपार दिसेल असं करून, त्यांच्या हातांची हालचाल उतरवून घेतली होती. त्यांतल्या एका बाईच्या शंभरातल्या ब्याण्णव कळ्यांची बोंडं झाली. म्हणून तिचे हात घेतले. आणि साहेबांचा हुकूम असा की त्या हातांतली एकही हालचाल गाळायची नाही, गुपित नेमकं कशात असेल सांगता येत नाही. बाई कोण, ते अर्पितालाही माहीत नव्हतं. फाइलीला नाव नव्हतं, नुसता नंबर होता, सतरा.

"मावशी, तुम्ही एवढ्या जाणत्या," अर्पिता म्हणाली, "ही पायरी फुकटची आहे असं तुम्ही मला कारणासकट सांगा. मी आज साहेबांशी बोलून काढून टाकते. मग तुमच्याइतके मार्क कुणालाच नाहीत."

म्हणजे नोकरी एका वाक्यावर येऊन ठेपली. कारण सांगितलं की झाली ती मास्तरीण. पण कारण सांगायला आधी ते कळायला हवं. दैवशालाने डबा परत मागितला. सोलणार नाही, नुसती बघणार, म्हणाली.

पहिल्यांदाच ती त्या हातांकडे निवांत बघत होती. दोन दिवस आपले हात शोधण्यातच तिचा जीव गेला होता, दुसऱ्याचे बघायला सवड कुठं होती? ते हात कळीपाशी आले. डावी तर्जनी कळीखाली टेकली. उजवा अंगठा वर आला, नख लागलं आणि अंगठा डावीकडे फिरला.

दैवशालाने पुन्हा बघितलं. डावीकडेच. सगळ्या बाया उजवीकडे फिरवतात. ती स्वतः उजवीकडे, कांताबाई उजवीकडे, वंदना उजवीकडे. डावीकडे फिरवणारी एकच बाई तिने पाहिली होती, आणि तिला तसं शिकवणारी दैवशाला स्वतःच होती. म्हणजे शिकवलं होतं बरोबर, पण ओळीच्या ह्या अंगाला दैवशाला आणि त्या अंगाला ती, मध्ये झाड. समोरून बघून बघून तिने उचललं आणि ते उलटं उचललं. आरशात बघून शिकावं तसं. दैवशाला हसली होती आणि म्हणाली होती, राहू दे, कळी सुटती ना बराबर.

कौसल्या. तिच्या घराची आणि हिच्या घराची भिंत एक. एकीची फोडणी दुसरीच्या घरात शिंकायला लावायची. सात हंगाम दोघी जोडीने ओळ धरायच्या, आणि गेली अकरा वर्षं एकमेकींशी एक शब्द नाही. कौसल्या शेजारच्या गावच्या टोळीबरोबर जायला लागली, येता-जाता समोर आली की मान खाली घालायची. गावात कुणी विचारलं तर दैवशाला सांगायची की मला काय माहीत, तिलाच गर्व झालाय. लोकांना ते पटायचं. तिला स्वतःला पटायचं की नाही ते तिने कधी तपासून पाहिलं नाही.

डब्यात पाचवी कळी झाली. डावा हात कमरेशी गेला, बोटं मिटली, मागे दोनदा सावकाश ओढ घेतली.

दोरी होती ती. कौसल्याच्या कमरेला खोचलेलं दोरीचं टोक. जुन्या लुगड्याचे काठ फाडून, एकाला एक गाठवून केलेली लांबच लांब दोरी. दुसरं टोक बांधावरच्या लिंबाला टांगलेल्या झोळीला. झोळीत भागवत, दीड वर्षाचा, सहा वर्षं नवस-सायास करून झालेला. कौसल्या ओळीत पुढं सरकायची, दोरी सोडत जायची, आणि पाच कळ्या झाल्या की मागं दोन हेलकावे द्यायची. मोजून पाच. दैवशालाने तेव्हा ते पाहिलं होतं आणि त्यात पाहण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नव्हतं. पोरंवाल्या बायांचं हे असंच असतं.

त्या वर्षी दैवशाला टोळीची मुकादमीण होती. एके दुपारी कौसल्या म्हणाली की पोराचं अंग तापलंय, मी जाते. सूर्य कलायला आला होता, अर्धी ओळ राहिली होती. राहिलेल्या कळ्या सकाळी उमलल्या असत्या आणि बाद झाल्या असत्या. दैवशाला म्हणाली, ओळ पुरी कर अन् जा, कळी उद्यावर थांबत न्हाई. वाईट मनाने म्हणाली नाही, कुणीही मुकादमीण हेच म्हणाली असती. कौसल्याने ओळ पुरी केली. तिसऱ्या दिवशी भागवत गेला. डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेला होता, चार तास आधी आणला असता तरी हेच झालं असतं बहुतेक. त्या 'बहुतेक' शब्दाने दैवशालाच्या काळजात घर केलं ते केलंच. कोण कुणाला काय विचारणार? ती कौसल्याच्या दारात गेली नाही.

अकरा वर्षं झाली. पोर नाही, झोळी नाही, दोरी नाही. आणि तो हात अजून दर पाच कळ्यांनी झोका देत होता. आता त्याच्या मागोमाग तीस पोरी देत होत्या आणि त्यांचे मार्क यंत्र मोजत होतं.

डब्याच्या आत दैवशालाला रडू फुटलं. काच धुरकटली. अर्पिताने घाईने डबा काढला, तिला वाटलं मावशींना चक्कर आली. पाणी दिलं, पंखा लावला, आणि हळूच विचारलं, कारण सापडलं का? दैवशाला म्हणाली, उद्या सांगते.

जीपमध्ये तिच्या डोक्यात नुसता गुंता चालला होता. कारण सांगितलं की पायरी जाणार आणि नोकरी येणार. पण सांगायचं काय, की ह्या बाईच्या हाताला तिचं मेलेलं पोर विसरता येईना, तेवढं कापून टाका? आणि कापल्यावर मास्तरीण म्हणून खुर्चीत बसायचं ते कुणाच्या हातांशेजारी? बरं, न सांगता निमूट पायरी करावी तर ज्या बाईने ओळ पुरी कर म्हटलं, तिनेच आपल्या हाताने त्या झोळीला झोका द्यायचा? आणि काहीच केलं नाही तर वंदना मास्तरीण आणि आपण ओसरीवर. ह्यातलं बरोबर काय, तिला काही केल्या कळेना. घनसावंगीत जीप बदलताना ती चुकून परतूरच्या गाडीत जाऊन बसली, कांताबाईने हाताला धरून उतरवलं.

गावात उतरल्यावर ती घरी गेलीच नाही. दिवस अजून बराच होता. कौसल्या ओट्यावर सुपात हरभऱ्याची डाळ पाखडत बसली होती. दैवशाला ओट्याच्या पायरीशी उभी राहिली. गुडघे ठणकत होते, पण बस म्हटल्याशिवाय बसायचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटलं. कौसल्याचं सूप थांबलं, मग पुन्हा चालू झालं.

"त्या दिवशी ओळ पुरी कर म्हणले मी," दैवशाला म्हणाली. "आयकलं व्हतंस का तू?"

"आयकलं व्हतं."

"मंग?"

"मंग काय. कळी थांबत न्हाई. मीबी म्हणले असते."

दैवशाला गोंधळली. अकरा वर्षं ती ज्या शिव्यांची वाट बघत होती त्या आल्याच नाहीत. मग बोलली का नाहीस, एवढी वर्षं तोंड का फिरवलंस, असं तिने विचारलं. विचारताना तिचा आवाज भांडल्यासारखाच निघाला.

कौसल्याने सूप खाली ठेवलं. "पोर गेल्यावर कडू घास दुसऱ्याच्या हातानं पाठवलास तू. भिंतीपलीकडून भाकरी थापायचा आवाज येऊन राह्यल्ता मला. मी दाराकडं बघत बसल्ते."

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारणीने भाकरी करून न्यायची आणि समोर बसून एक घास तरी खाऊ घालायचा, ही गावाची रीत. दैवशालाने भाकरी केल्या होत्या. नेऊन द्यायची हिंमत झाली नव्हती. एकीला वाटलं, ही मला कधी माफ करणार नाही. दुसरीला वाटलं, हिला माझ्या दाराचा विटाळ वाटतो. भिंत एक, आणि अकरा वर्षं दोघी दोन बाजूंनी तिला कान लावून बसल्या होत्या.

"चुकले मी," दैवशाला म्हणाली. "दोन्हींदा चुकले."

कौसल्याने सरकून ओट्यावर जागा केली. दैवशाला बसली. मग कंपनीचं, डब्याचं, परीक्षेचं बोलणं निघालं. दोन वर्षांपूर्वी आपल्यालाही तो डबा घालून क्रॉसिंग करायला लावलं होतं, असं कौसल्या म्हणाली, आणि काही बिघडलं का त्यात, असं घाबरून विचारलं. दैवशाला म्हणाली, काही नाही बिघडलं. मग तिने जपून विचारलं की काम करताना तुझा डावा हात कमरेला जातो का गं. कौसल्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. "कमरेला कशाला जाईल?" ती म्हणाली. खरंच तिला ठाऊक नव्हतं. दैवशालाने विषय तिथंच सोडला.

तिसऱ्या दिवशी वंदनाला अठ्ठ्याऐंशी मिळाले. मग दैवशाला खुर्चीत बसली. अर्पिताने डबा चढवायच्या आधी विचारलं, कारण सांगता का मावशी, काढून टाकू का पायरी? दैवशालाने मान हलवली. राहू दे म्हणाली.

हात आले. आज ते कुणाचे आहेत असा प्रश्न तिला पडला नाही. तिने आपले हात त्यांच्या शेजारी धरले. पहिली कळी, दुसरी, तिसरी. अंगठा तिने उजवीकडेच फिरवला, तेवढं तिचं तिचं. पाचवी सुटली. कौसल्याचा हात कमरेशी गेला. दैवशालाचा हात क्षणभर वर अडखळला, त्याला जाववेना. मग तो गेला. बोटं मिटली. तिथं दोरी नव्हती, बोटांना काही लागलं नाही, आणि तरी तिने ती अशी सावकाश ओढली की झोळीतलं पोर दचकू नये. एकदा. दोनदा. चार वेळा तिने झोका दिला, आणि चारही वेळा तिला वाटलं की आता मागून रडण्याचा आवाज येईल.

सत्त्याण्णव मार्क पडले. अर्पिताने टाळ्या वाजवल्या, वंदनानेही मनापासून वाजवल्या, पोरगी वाईट नव्हती. कांताबाई चहा आणायला पळाली. अर्पिताने कागद पुढं ओढले. आता तुम्ही मास्तरीण, म्हणाली, पोरींना शिकवायचं पुस्तक छापायला जातंय, त्यात प्रत्येक पायरीसमोर कारण लिहायचं आहे. सगळ्या पायऱ्यांची कारणं लिहून झाली होती. ह्या एकाच पायरीची जागा दोन वर्षं कोरी होती.

दैवशालाने त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"लिहा मॅडम," ती म्हणाली. "दर पाचव्या कळीनंतर पोराकडं ध्यान द्यायचं. पोराचं अंग गरम असंल तर ओळ तशीच टाकायची अन् घरी जायचं. कळी गेली तर जाऊ द्यायची."

अर्पिताचा पेन थांबला. याचा आणि कळी लागण्याचा संबंध काय, तिने विचारलं. पोरींना नीट कळेल का हे?

"पोरींना न्हाई कळलं तरी चालंल," दैवशाला म्हणाली. "मुकादमिणीला आधी शिकवा."